इग्नाशियस लोयोला यांचे आज्ञापालनविषयक पत्र

आज्ञापालनविषयक पत्र हे रोमन कॅथलिक संत इग्नाशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी २६ मार्च १५५३ रोजी रोमहून पोर्तुगालमधील येशूसंघीयांना (जेझुइटांना) लिहिलेले स्पॅनिश पत्र होय. संघाच्या आध्यात्मिक वाङ्मयात या पत्राला संविधान आणि ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथांच्या खालोखाल स्थान आहे. संघाच्या घरांमध्ये भोजनाच्या वेळी ते ठरावीक काळाने मोठ्याने वाचण्याची प्रथा दीर्घकाळ होती. वरिष्ठाच्या ठायी ख्रिस्ताला पाहावे, आणि केवळ कृतीने नव्हे तर इच्छेने व बुद्धीनेही त्याची आज्ञा स्वीकारावी, असे या पत्राचे प्रतिपादन आहे. त्याच्या समर्थनार्थ लोयोला यांनी बायबलमधील अनेक वचनांचा आधार घेतला. त्या वचनांचा मूळ संदर्भ आणि पत्रातील उपयोग यांत कितपत मेळ आहे, हा सोळाव्या शतकापासून चर्चेचा विषय राहिला आहे.

शब्दाचा अर्थ

बायबलच्या मूळ भाषांत ‘आज्ञा पाळणे’ यासाठी वेगळे असे क्रियापद क्वचितच आढळते. हिब्रू बायबलमध्ये ‘शामा’ हे क्रियापद येते आणि त्याचा मूळ अर्थ ‘ऐकणे’ असा आहे. नव्या करारातील ग्रीक ‘हिपाकोए’ हा शब्द ऐकण्याच्याच धातूपासून बनलेला आहे. लॅटिन ‘ओबेदिरे’ या क्रियापदातही ऐकण्याचा धातू दडलेला आहे. मराठी वाचकाला हे सहज उमगण्यासारखे आहे, कारण ‘मुलगा आईचे ऐकतो’ या वाक्यात मुलाच्या श्रवणशक्तीचे वर्णन नसते. संस्कृतातील ‘शुश्रूषा’ या शब्दाचा प्रवासही असाच आहे. ‘ऐकण्याची इच्छा’ या मूळ अर्थावरून तो ‘सेवा’ या अर्थापर्यंत आला. ‘आज्ञापालन’ या तत्सम शब्दात मात्र हुकूम आणि अंमलबजावणी एवढेच उरते. ऐकणे नाहीसे होते. लोयोला यांचे पत्र वाचताना हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक ठरते, कारण त्यावरील बहुतेक आक्षेप आज्ञापालनाच्या दुसऱ्या, संकुचित अर्थावर आहेत आणि बहुतेक समर्थने पहिल्या अर्थावर.

पार्श्वभूमी

लोयोला यांनी आज्ञापालनाचा विचार प्रथम वरिष्ठ म्हणून नव्हे, तर कनिष्ठ म्हणून केला होता. १५२३ मध्ये ते यात्रेकरू म्हणून जेरुसलेमला पोहोचले आणि तेथेच कायम राहावे असा त्यांचा निश्चय होता. पवित्र स्थळांची व्यवस्था पाहणाऱ्या फ्रान्सिस्कन संघाच्या प्रांताधिकाऱ्याने त्यांना परत जाण्यास सांगितले. आज्ञा न मानणाऱ्यास बहिष्कृत करण्याचा अधिकार पोपकडून आपल्याला मिळाला आहे, असे सांगून त्याने अधिकारपत्रे दाखवण्याची तयारी दर्शवली. ती पाहण्याची गरज नाही असे म्हणून लोयोला परतले. ईश्वराची इच्छा आपल्याला स्पष्ट कळली आहे असे वाटत असतानाही ती आणि अधिकाऱ्याचा शब्द यांत विरोध येऊ शकतो, हा अनुभव त्यांना संघस्थापनेच्या बराच आधी आला होता.

दुसरा महत्त्वाचा टप्पा १५३९ चा. पॅरिस येथे एकत्र आलेले लोयोला आणि त्यांचे सोबती त्या वर्षी रोममध्ये होते. दारिद्र्य व ब्रह्मचर्य यांची शपथ त्यांनी आधीच घेतली होती. आता आपल्यापैकीच एकाची आज्ञा पाळण्याचीही शपथ घ्यावी काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. प्रत्येकाने प्रार्थना करून आधी अशा शपथेविरुद्धची कारणे मांडायची आणि नंतर तिच्या बाजूची, अशी पद्धत त्यांनी ठरवली. आज्ञापालनाचा निर्णय असा दीर्घ विचारविनिमयातून आणि एकमताने झाला. हे वास्तव पुढील वादांत अनेकदा विसरले गेले. पोप तिसरे पॉल यांनी २७ सप्टेंबर १५४० रोजी संघाला मान्यता दिली आणि पुढच्या वर्षी लोयोला संघाचे पहिले महाधिकारी झाले.

पत्राचे तात्कालिक कारण पोर्तुगालमधील पेचप्रसंग हे होते. तेथील प्रांताधिकारी सिमाँव रॉद्रिगिश हे लोयोला यांच्या पहिल्या सोबत्यांपैकी एक. राजा तिसरा जुआंव याची त्यांच्यावर मर्जी होती आणि कोइंब्रा येथील महाविद्यालयात तरुणांची संख्या झपाट्याने वाढत होती. मात्र तेथे सार्वजनिक देहदंड आणि लोकांत स्वतःची नाचक्की करून घेण्याचे प्रकार यांना ऊत आला होता. लोयोला यांनी ७ मे १५४७ च्या पत्रात या विद्यार्थ्यांना संयमाचा सल्ला दिला. त्याच वर्षी गांदिया येथील संघीयांना आणि १५४८ मध्ये कोइंब्रा येथील संघीयांना त्यांनी आज्ञापालनाविषयी लिहिले. पुढे रॉद्रिगिश यांना दूर करून दिएगो मिरो यांना नेमण्यात आले, तेव्हा प्रांतात फूट पडली. जुन्या प्रमुखावर प्रेम करणारे नव्याचे ऐकेनात. अनेकांनी संघ सोडला, अनेकांना काढण्यात आले. रॉद्रिगिश यांना रोमला बोलावून त्यांची चौकशी झाली. १५५३ चे पत्र या धुमसत्या वातावरणात लिहिलेले आहे. १५४७ पासून चिटणीस असलेले हुआन पोलांको यांचा लोयोला यांच्या पत्रव्यवहारात मोठा हात होता आणि या पत्राच्या घडणीतही तो मानला जातो.

पत्रातील मांडणी

इतर धर्मसंघांनी उपवास, जागरणे आणि कठोर राहणी यांत येशूसंघाला मागे टाकले तरी चालेल, पण आज्ञापालनात या संघाने मागे राहू नये, अशा आशयाने पत्राचा प्रारंभ होतो. कोइंब्रा येथील देहदंडाची स्पर्धा लक्षात घेतली म्हणजे या वाक्यामागचा रोख कळतो. ज्यांना तपश्चर्येचा हव्यास होता, त्यांना स्वतःच्या इच्छेचा त्याग हीच अधिक कठीण तपश्चर्या असल्याचे सांगितले जात होते.

यानंतर आज्ञापालनाच्या तीन पायऱ्या येतात. सांगितलेले काम करणे ही पहिली आणि सर्वांत खालची पायरी. वरिष्ठाची इच्छा ती आपली इच्छा करणे ही दुसरी. वरिष्ठाचे मत ते आपले मत मानणे, म्हणजे बुद्धीचे आज्ञापालन, ही तिसरी. येथे लोयोला होमबलीची उपमा वापरतात. इतर यज्ञांत अर्पणाचा काही भाग उरतो, होमबलीत सर्वच जळून जाते. बुद्धी राखून ठेवून केलेले अर्पण म्हणूनच त्यांना अपुरे वाटते. या आग्रहामागे मानसशास्त्रीय निरीक्षणही आहे. हाताने काम करणारा आणि मनातून त्याला विरोध करणारा मनुष्य फार काळ टिकत नाही. त्याच्यात खिन्नता, चालढकल, कुरकूर आणि सबबी शिरतात. पोर्तुगालहून येणारी पत्रे वाचणाऱ्या माणसाला हे ग्रंथांतून शिकण्याची गरज नव्हती.

बुद्धी इच्छेप्रमाणे स्वतंत्र नाही, हे लोयोला यांना ठाऊक होते. जे सत्य म्हणून समोर स्पष्ट दिसते त्याला बुद्धी स्वभावतः होकार देते. तिला तसे न करण्याचा हुकूम देता येत नाही. म्हणून पत्रात एक महत्त्वाची अट घातलेली आहे. जेथे ज्ञात सत्याचा पुरावा बुद्धीला बांधून टाकत नाही, अशा गोष्टींतच इच्छा बुद्धीला एका बाजूस वळवू शकते. व्यवहारातील बहुतेक निर्णय असेच संदिग्ध असतात: कोणाला कोठे पाठवावे, कोणते काम आधी घ्यावे, कोणते सोडावे.

हे साध्य करण्यासाठी पत्रात तीन उपाय सुचवले आहेत. वरिष्ठाकडे चुका करू शकणारा मनुष्य म्हणून न पाहता त्याच्या ठायी ख्रिस्ताला पाहावे. आज्ञेच्या विरोधातील कारणे शोधण्याऐवजी तिच्या बाजूची कारणे शोधावीत. आणि आज्ञा ही ईश्वराचीच आहे असे गृहीत धरून, जेथे पाप दिसत नाही तेथे अधिक चिकित्सा न करता ती पार पाडावी. तिसऱ्या उपायासाठी लोयोला यांनी पाचव्या शतकातील लेखक योहान कासियन याने नोंदवलेल्या वाळवंटातील तपस्व्यांच्या कथा वापरल्या. वरिष्ठाने सांगितले म्हणून वाळलेल्या काठीला वर्षभर पाणी घालणाऱ्या तपस्व्याची कथा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध आहे, आणि पत्राच्या टीकाकारांनी सर्वाधिक वापरलेलीही तीच.

या मांडणीला लगेच एक पुरवणी जोडलेली आहे. वरिष्ठाच्या मतापेक्षा वेगळे मत झाले तर प्रार्थना करून ते त्याच्यापुढे मांडण्यास हरकत नाही. मात्र मांडण्यापूर्वी आणि मांडल्यानंतरही मन निर्णयाच्या दोन्ही बाजूंना सारखेच मोकळे असावे. या तरतुदीला संघात पुढे ‘निवेदन’ या अर्थाचे पारिभाषिक नाव मिळाले. पत्राचा अवतरणांपुरता वाचक या भागापर्यंत क्वचितच पोहोचतो.

पत्रातील बायबलवचने

शौल आणि शमुवेल. यज्ञापेक्षा आज्ञा मानणे बरे, हे पहिल्या शमुवेलाच्या पुस्तकातील वचन (१ शमुवेल १५:२२) पत्राच्या गाभ्याशी आहे. पोप पहिले ग्रेगरी यांच्या अनुरोधाने लोयोला त्याचा अर्थ लावतात. यज्ञात दुसऱ्याचा देह बळी जातो, आज्ञापालनात स्वतःची इच्छा. मूळ कथेत परिस्थिती वेगळी आहे. अमालेकी लोकांचा संपूर्ण संहार करण्याची आज्ञा संदेष्ट्यामार्फत राजा शौलाला मिळते. तो अगाग राजाला आणि उत्तम मेंढरांना जिवंत ठेवतो आणि मेंढरे यज्ञासाठी राखल्याचे सांगतो. आज्ञा ईश्वराची आहे आणि ती मोडणारा स्वतः सत्ताधीश आहे. म्हणजे कथेतील ताशेरा कनिष्ठावर नसून राज्यातील सर्वोच्च माणसावर आहे. त्याहून लक्षणीय गोष्ट दोनच ओव्यांनंतर येते. आपण लोकांना भ्यालो आणि त्यांचे ऐकले, अशी कबुली शौल देतो (१५:२४), आणि तेथे हिब्रूत ‘शामा’ हेच क्रियापद आहे. शौलाचा अपराध न ऐकण्याचा नाही. चुकीच्या आवाजाला ऐकण्याचा आहे. ज्या संहाराची आज्ञा या अध्यायात आहे, तिचा नैतिक प्रश्न वेगळाच असून त्यावर ज्यू आणि ख्रिस्ती भाष्यकारांनी विपुल लिहिले आहे. लोयोला यांच्या पत्रात तो उपस्थित होत नाही.

बहात्तर शिष्य. तुमचे ऐकणारा माझे ऐकतो, या आशयाचे लूककृत शुभवर्तमानातील वचन (१०:१६) वरिष्ठाच्या ठायी ख्रिस्त आहे या सिद्धान्ताचा मुख्य आधार होय. संत बेनेडिक्ट यांच्या सहाव्या शतकातील नियमावलीतही ते याच अर्थाने आलेले आहे. त्यामुळे हा अर्थ लोयोला यांचा स्वतःचा शोध नाही, तर मठपरंपरेचा वारसा आहे. शुभवर्तमानात येशू हे वचन गावोगाव पाठवलेल्या सत्तर किंवा बहात्तर शिष्यांना उद्देशून म्हणतो (हस्तलिखितांत दोन्ही संख्या आढळतात). ऐकणारे लोक शिष्यमंडळाबाहेरचे आहेत. बोलणाऱ्यांजवळ थैली नाही, पायांत वहाणा नाहीत (१०:४), आणि गावाने नाकारल्यास पायाची धूळ झटकून निघून जाण्याखेरीज त्यांच्या हाती कोणताही उपाय नाही. वचनातील अधिकार खराच, पण तो सक्ती करू न शकणाऱ्यांचा अधिकार आहे. मठातील वरिष्ठाला हे वचन लावताना ही छटा मागे पडते.

मोशेचे आसन. शास्त्री व परूशी मोशेच्या आसनावर बसले आहेत, म्हणून ते सांगतात ते करा, ते करतात तसे करू नका, असा उपदेश मत्तय २३:२–३ मध्ये आहे. वरिष्ठ सद्गुणी किंवा शहाणा आहे म्हणून त्याचे ऐकायचे नसते, तो ख्रिस्ताच्या जागी आहे म्हणून ऐकायचे असते, हा मुद्दा लोयोला त्यावरून काढतात. पोर्तुगालच्या संदर्भात त्याला धार होती. रॉद्रिगिश आवडते म्हणून त्यांचे ऐकायचे आणि मिरो नावडते म्हणून त्यांचे ऐकायचे नाही, ही वृत्ती त्यामुळे मुळातच चुकीची ठरते. व्यक्तिपूजेवरचा हा उतारा आजही परिणामकारक आहे. मात्र त्याच अध्यायात पुढे येशू शिष्यांना गुरू, पिता किंवा पुढारी म्हणवून घेण्यास मनाई करतो, आणि शिष्य परस्परांचे भाऊ आहेत असे सांगतो (२३:८–१०). दोन्ही भाग एकत्र वाचले तर अध्याय आज्ञाधारकांना एक आणि आज्ञा देणाऱ्यांना दुसरी गोष्ट सांगतो. पत्र कनिष्ठांना लिहिलेले असल्याने त्यात पहिलीच आली आहे.

दास आणि धनी. इफिसकरांस पत्रातील, दासांनी ऐहिक धन्यांची आज्ञा ख्रिस्ताची समजून पाळावी, हा उपदेश (६:५–७) लोयोला वाढीव युक्तिवादासाठी घेतात. मूर्तिपूजक धन्याच्या बाबतीत हे खरे असेल, तर ज्याला आपण स्वेच्छेने ख्रिस्ताच्या जागी मानले त्याच्या बाबतीत किती अधिक खरे असेल, असा तो युक्तिवाद आहे. या वचनाने पुढे गुलामगिरीच्या समर्थकांनाही आधार पुरवला, त्यामुळे आधुनिक भाष्यकार ते सावधपणे वाचतात. गुलाम आणि शपथबद्ध संन्यासी यांच्यातील मूलभूत फरक संमतीचा आहे. तो लोयोला यांच्या युक्तिवादात अभिप्रेत आहे, पण वचनात नाही.

अब्राहाम. इसहाकाचे बलिदान (उत्पत्ती २२) हे चिकित्सा न करणाऱ्या आज्ञापालनाचे उदाहरण म्हणून पत्रात येते. हाच अब्राहाम चार अध्याय आधी सदोम नगरासाठी ईश्वराशी घासाघीस करतो. पन्नास नीतिमान असतील तर, पंचेचाळीस असतील तर, असे करत तो दहापर्यंत खाली येतो (उत्पत्ती १८). ईश्वर त्याला दटावत नाही. दोन्ही प्रसंग एकाच माणसाचे आहेत, आणि पत्रातील निवेदनाच्या तरतुदीला सदोमचा अब्राहाम अधिक जवळचा आहे, तरी लोयोला यांनी त्याचा उपयोग केलेला नाही.

मरणापर्यंत आज्ञाधारक. ख्रिस्त मरणापर्यंत आज्ञाधारक झाला, हे फिलिप्पैकरांस पत्रातील वचन (२:८) सर्व पत्रावर छाया धरून आहे. आज्ञाभंगाने गमावलेले जग ख्रिस्ताने आज्ञापालनाने परत मिळवले, ही मांडणी रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाशी जुळते. ग्रीक वचनात ख्रिस्त कोणाचा आज्ञाधारक झाला हे सांगितलेले नाही. परंपरेने पित्याचा असे मानले आहे आणि संदर्भाला तेच धरून आहे. त्याचा वध करणारे धर्माधिकारी आणि रोमन सुभेदार मात्र आपापल्या जागी कायदेशीर वरिष्ठच होते. वधस्तंभावरील आज्ञापालन हे त्यांच्या आज्ञेचे पालन नव्हते, हा भेद नजरेआड झाला की हे वचन कोणत्याही सत्तेच्या कामी येऊ शकते.

पत्राबाहेरची वचने

मनुष्यांपेक्षा ईश्वराची आज्ञा मानली पाहिजे, हे न्यायसभेपुढील पेत्राचे उत्तर (प्रेषितांची कृत्ये ५:२९) या विषयावरील कोणत्याही चर्चेत प्रथम आठवावे असे आहे. फारोची आज्ञा धुडकावून हिब्रू बालकांना वाचवणाऱ्या सुइणी (निर्गम १:१७) आणि राजाच्या मूर्तीपुढे न वाकणारे तीन तरुण (दानीएल ३) याच पंक्तीतले. अधिक अडचणीचा प्रसंग अंत्युखियाचा आहे. तेथे पौलाने प्रेषितांत अग्रगण्य असलेल्या पेत्राला सर्वांसमोर तोंडावर विरोध केला (गलतीकरांस २:११–१४). येथे सत्ता मूर्तिपूजकांची नाही. वरिष्ठ ख्रिस्तमंडळातलाच आहे. बारा शतकांनंतर थॉमस अक्विनास यांनी, श्रद्धा धोक्यात असेल तेव्हा कनिष्ठाने वरिष्ठाची जाहीर कानउघाडणी करावी, याला हाच प्रसंग आधार म्हणून दिला.

गेथशेमाने बागेतील प्रार्थना (मार्क १४:३६) तर पत्रातील तिसऱ्या पायरीवर थेट प्रकाश टाकते. येशू प्रथम हा प्याला दूर कर अशी मागणी करतो आणि मग पित्याच्या इच्छेला मान तुकवतो. नावड लपवलेली नाही, ती उघड बोललेली आहे. तो शिकत शिकत आज्ञाधारक झाला, असे इब्री लोकांस पत्र (५:८) म्हणते. मतभेद असणे म्हणजेच आज्ञापालनाची खालची पायरी, असा पत्राचा सरळ अर्थ घेतला तर या प्रार्थनेचे स्थान सांगणे कठीण होते. निवेदनाच्या तरतुदीसह तो वाचला तर होत नाही.

‘अंध’ आज्ञापालन आणि त्याची मर्यादा

‘अंध’ हे विशेषण आणि मृतदेहाची उपमा या दोन गोष्टींनी लोयोला यांची शिकवण बदनाम झाली. यांपैकी मृतदेहाची उपमा १५५३ च्या पत्रातील नव्हे. ती संघाच्या संविधानाच्या सहाव्या भागात येते. आज्ञाधारकाने मृतदेहाप्रमाणे किंवा वृद्धाच्या हातातील काठीप्रमाणे नेले जाऊ द्यावे, असे तेथे म्हटले आहे. ही उपमाही त्यांची स्वतःची नाही. संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या तेराव्या शतकातील चरित्रपरंपरेत ती आढळते. संविधानात या उपमेच्या आगेमागे, जेथे उघड पाप नसेल अशाच बाबतीत, अशी मर्यादा स्पष्ट घातलेली आहे. ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाच्या शेवटी असलेल्या नियमांपैकी तेराव्या नियमात, आपल्याला पांढरे दिसते ते धर्मसंस्थेने काळे ठरवल्यास काळे मानावे, असे म्हटले आहे. याच ग्रंथाच्या पंधराव्या सूचनेत मात्र, साधकाला मार्गदर्शकाने एका बाजूस झुकवू नये, निर्मात्याला त्याच्याशी थेट व्यवहार करू द्यावा, असे बजावले आहे. दोन्ही वाक्ये एकाच हातची आहेत.

अक्विनास यांची भूमिका येथे तुलनेसाठी उपयोगी ठरते. त्यांच्या मते मनुष्याने मनुष्याची आज्ञा बाह्य कृतींत पाळायची असते. इच्छेच्या आंतरिक हालचालींवर अधिकार केवळ ईश्वराचा. त्यांनी आज्ञापालनाचे पुरेसे, परिपूर्ण आणि अविवेकी असे प्रकार केले. पापयुक्त गोष्टींतही आज्ञा पाळणारे ते अविवेकी. वरवर पाहता लोयोला यांची दुसरी व तिसरी पायरी या मताच्या विरोधात जाते. मात्र लोयोला आंतरिक होकार वरिष्ठाचा हक्क म्हणून मागत नाहीत; साधकाने ईश्वराला स्वेच्छेने करावयाचे अर्पण म्हणून सुचवतात. हा फरक कागदावर स्पष्ट असला तरी रोजच्या मठजीवनात तो टिकवणे अवघड आहे. तेथे आध्यात्मिक सल्ला आणि प्रशासकीय अपेक्षा एकाच माणसाच्या तोंडून येतात. १५८८ मध्ये या पत्रावर एका फ्रेंच येशूसंघीयाने पाखंडाचा आरोप केला, तेव्हा रॉबर्ट बेलार्मिन यांनी ‘अंध’ म्हटलेल्या आज्ञापालनाच्या बचावार्थ स्वतंत्र प्रबंध लिहिला.

लोयोला यांचे स्वतःचे वर्तन हे या शिकवणीवरील उत्तम भाष्य आहे. पोपविषयी विशेष आज्ञापालनाची शपथ घेणाऱ्या संघाचे ते प्रमुख होते. तरीही १५४६ मध्ये क्लोद झे यांना त्रिएस्तेचे बिशप करण्याचा बेत पुढे आला, तेव्हा त्यांनी तो रद्द होईपर्यंत रोममध्ये खटपट केली. १५५२ मध्ये फ्रान्सिस बोर्जा यांना कार्डिनल करण्याच्या हालचाली सुरू झाल्या तेव्हाही त्यांनी विरोध केला. त्यासंबंधीच्या पत्रात त्यांनी बोर्जा यांना कळवले की, एकाला ही नेमणूक करण्याची आणि दुसऱ्याला ती रोखण्याची प्रेरणा एकाच दैवी आत्म्याकडून होऊ शकते. त्यात विसंगती नाही. आज्ञापालनावरील पत्र याच्या पुढच्याच वर्षी लिहिले गेले.

गोव्यातील संदर्भ

आज्ञापालनाविषयीच्या या वादाची एक बाजू गोव्यात घडली. १५४० मध्ये भारतात जाण्यासाठी निवडलेले निकोलास बोबादिया आजारी पडले आणि लोयोला यांनी ऐनवेळी फ्रान्सिस झेवियर यांना जाण्यास सांगितले. ते लागलीच निघाले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यात पोहोचले. १५४८ मध्ये कोइंब्रा येथील वातावरणात वाढलेले आंतोनियो गोमिश हे गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयाचे प्रमुख म्हणून आले. त्यांनी कोइंब्राचीच कडक शिस्त येथे आणली आणि पोर्तुगीज उमेदवारांना जागा करण्यासाठी भारतीय विद्यार्थ्यांना बाहेर काढले. झेवियर यांनी नेमलेल्या प्रमुखांशीही त्यांचे पटले नाही. १५५२ मध्ये पूर्वेकडे निघण्यापूर्वी झेवियर यांनी गोमिश यांना संघातून काढण्याची व्यवस्था केली. कठोरपणाचा आग्रह धरणारा माणूसच आज्ञेबाहेर जातो, हे पोर्तुगालमधील चित्र येथे पुन्हा दिसले.

२८ जून १५५३ रोजी, म्हणजे आज्ञापालनविषयक पत्रानंतर तीनच महिन्यांनी, लोयोला यांनी झेवियर यांना पवित्र आज्ञापालनाच्या नावे युरोपात परत येण्यास लिहिले. झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील शांगच्वान बेटावर मरण पावले होते. ती वार्ता रोमला पोहोचलेली नव्हती.

मराठी साहित्याच्या इतिहासात या विचारविश्वाचा ठसा फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त पाहता येतो. हे इंग्रज येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांचे ओवीबद्ध पुराण १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. त्याच्या पहिल्या भागात जुन्या कराराची आणि दुसऱ्या भागात नव्या कराराची कथा आहे. आदिमातापित्यांच्या आज्ञाभंगापासून ख्रिस्ताच्या आज्ञापालनापर्यंतचा जो प्रवास लोयोला यांनी पत्रात एका वाक्यात उरकला, तो येथे मराठी श्रोत्यांसमोर कथारूपाने विस्तारला आहे.

विसाव्या शतकातील पुनर्विचार

दुसऱ्या महायुद्धानंतर न्युरेंबर्गच्या खटल्यांत, आपण केवळ वरिष्ठांच्या हुकमाचे पालन केले, हा बचाव वारंवार पुढे आला. त्यामुळे आज्ञापालन हा सद्गुण आहे काय, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मशास्त्रातही नव्याने विचारला जाऊ लागला. जर्मन प्रोटेस्टंट धर्मशास्त्रज्ञ डोरोथी झोले यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात, आंधळ्या आज्ञाधारकतेच्या संस्कारांनी तो विनाश शक्य केला, असे मांडून त्याऐवजी सर्जक कल्पनाशक्तीला ख्रिस्ती जीवनाच्या केंद्रस्थानी ठेवले.

कॅथलिक बाजूने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी संन्यस्त जीवनाच्या नवीकरणावरील आदेश प्रसृत केला. त्यात कनिष्ठांचे आज्ञापालन सक्रिय व जबाबदार असावे आणि वरिष्ठांनी त्यांचे म्हणणे आवर्जून ऐकावे, असे सांगितले आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतही वरिष्ठांवर ऐकण्याचे कर्तव्य टाकले आहे. ‘ऐकणे’ या मूळ धातूकडे जाणारा हा रस्ता या वेळी वरिष्ठाच्या बाजूने खुला झाला. १९६५–६६ मधील येशूसंघाच्या एकतिसाव्या महासभेनेही आज्ञापालनावर स्वतंत्र निर्णय केला.

ज्यांनी ही शिकवण प्रत्यक्ष जगून दाखवली, त्यांच्याबद्दलचे मत मात्र एकसारखे नाही. फ्रेंच येशूसंघीय आणि पुराजीवशास्त्रज्ञ पिएर तेयार द शार्दँ यांना त्यांचे तत्त्वज्ञानविषयक लेखन प्रसिद्ध करू दिले गेले नाही. त्यांनी ती बंदी मानली, संघ सोडला नाही, आणि त्यांचे मुख्य ग्रंथ १९५५ मधील त्यांच्या मृत्यूनंतरच छापले गेले. काहींच्या दृष्टीने हे होमबलीचे उदाहरण आहे, तर काहींच्या दृष्टीने एका विचारवंताची अकारण झालेली कोंडी. १९८१ मध्ये संघाचे महाधिकारी पेद्रो आरुपे आजारी असताना पोप दुसरे जॉन पॉल यांनी संघाची नेहमीची व्यवस्था बाजूस ठेवून पाओलो देझ्झा यांना आपले वैयक्तिक प्रतिनिधी म्हणून नेमले. जगभरातील संघीयांनी हा निर्णय स्वीकारला. काहींनी त्याबद्दलची व्यथा पोपना लेखी कळवली. १९८३ मध्ये भरलेल्या महासभेने पेटर-हान्स कोल्व्हेनबाख यांची महाधिकारी म्हणून निवड केली आणि संघाचा कारभार पूर्ववत सुरू झाला.